ठिपका वेळेवर पडला पाहिजे

अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये दोन मुलींच्या नोंदी एकाखाली एक आहेत, असं समजा. दोघी नऊ महिने पूर्ण झालेल्या, दोघींचं वजन ७.२ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार या वयाच्या मुलीचं मधलं वजन ८.२ किलो असतं आणि ६.५ किलोच्या खाली गेल्यास तिला कमी वजनाची धरतात. म्हणजे दोघीही हिरव्या पट्ट्यात आहेत. रजिस्टर एवढंच सांगतं आणि पान उलटलं जातं.

आता सहाव्या महिन्यापासूनची वजनं बघा. पहिलीची ५.८, ६.३, ६.८ आणि ७.२. दुसरीची ७.२, ७.३, ७.२ आणि पुन्हा ७.२. पहिली पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्याच्या अगदी काठावर होती, तिथून ती तीन महिन्यांत जवळजवळ दीड किलोनं वर आली. दुसरी सहाव्या महिन्यात मधल्या रेषेजवळ होती आणि तिथेच अडकली. या वयात मुलीचं वजन साधारण महिन्याला ३०० ग्रॅमनं वाढायला हवं. हिची रेषा आडवी आणि बाकीच्या रेषा वर चढणाऱ्या, त्यामुळे ती जागेवर राहूनही खाली चालली आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाला वरच्या खाण्याची जोड लागते. नेमकी तिथपासून रेषा आडवी झाली असेल तर घरी जाऊन काय विचारायचं हे सेविकेला कळतं: वरचं काय देता, किती वाट्या, दिवसातून किती वेळा, मधे जुलाब झाले होते का. आजचा आकडा दोघींचा एकच असला तरी घरभेट दुसरीकडे आधी द्यायची, हे आलेख सांगतो.

आलेख म्हटलं की आपल्यासमोर येतात ती अहवालांतली रंगीत चित्रं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर काढलेले आलेख. त्यांची परंपराही मोठी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख आणि स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख छापला, १८०१ मध्ये वृत्तालेख आणला, आणि शाळेत आपण आजही तेच तीन प्रकार गिरवतो. पण आलेखाची खरी ताकद दिसते ती काम चालू असताना, एकेक ठिपका टाकत काढल्या जाणाऱ्या आलेखांत, असं माझं ठाम मत आहे. तो ठिपका टाकणाऱ्या माणसाला पुढच्या तासात नाहीतर पुढच्या महिन्यात काहीतरी ठरवायचं असतं. असे आलेख क्वचितच छापून येतात. वापरणाऱ्यांखेरीज फारसं कुणी त्यांच्याकडे बघतही नाही.

अंगणवाडीतला वाढीचा आलेख त्यांतलाच. आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्या अक्षावर वजन किलोत. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. हा फरक किरकोळ नाही: वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९. मुलाचं वजन मुलींच्या तक्त्यावर टाकलं तर कमी वजनाचं मूलही हिरव्यात बसू शकतं. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचं. नऊ महिने पंचवीस दिवसांचं बाळ नऊ महिन्यांचंच, त्याला दहाव्या महिन्याच्या रेषेवर टाकलं की ते उगाच खाली दिसतं. टांगत्या सॉल्टर काट्याला आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून. थंडीत स्वेटर-टोपीसकट तोललेलं बाळ दोनतीनशे ग्रॅमनं सहज फुगतं. महिन्याची अपेक्षित वाढच तेवढी असल्यामुळे जानेवारीत वाढ झाल्यासारखी वाटते आणि मार्चमध्ये घट झाल्यासारखी, प्रत्यक्षात बाळ आहे तिथेच असतं.

दोन महिने बाळ मामाच्या गावी होतं, वजन झालं नाही, तर आधीचा आणि नंतरचा ठिपका सलग रेषेनं जोडू नये. सलग रेषा बघणाऱ्याला मधले दोन महिने मोजल्यासारखे वाटतात. आता पोषण ट्रॅकर अ‍ॅप वजन भरलं की आलेख आपोआप काढतं आणि त्यानं हातकाम वाचलंय. पण काटा शून्यावर आणणं आणि जन्मतारीख खरी लिहिणं अ‍ॅपला जमत नाही. शिवाय वयानुसार वजनाचा हा आलेख ठेंगणं मूल आणि हडकुळं मूल यांत फरक करत नाही. त्यासाठी उंचीनुसार वजन बघावं लागतं, दंडघेर मोजावा लागतो. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल सॅम, म्हणजे अति तीव्र कुपोषित गटात येतं. एका आलेखानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. त्यातून दुसरं उत्तर काढायला गेलं की फसगत होते.

तक्त्यावर आधीच छापलेल्या वक्ररेषांबद्दलही बोललं पाहिजे, कारण प्रत्येक ठिपका त्यांच्याशी ताडला जातो. या रेषा २००६ च्या आहेत. त्यांच्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुलं निवडताना घरची परिस्थिती बरी आहे, आई अंगावर पाजते, धूम्रपान करत नाही, हे बघितलं होतं. म्हणजे 'मुलं साधारण कशी वाढतात' असा प्रश्नच नव्हता. सगळं नीट मिळालं तर मूल कसं वाढू शकतं, हे त्या रेषा दाखवतात. 'आमच्याकडची मुलं मुळातच लहान चणीची' हे बोलणं ऐकलं की दिल्लीची ती मुलं आठवावीत. चांगलं पोषण मिळालेली मुलं सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढली होती.

दुसरा असाच आलेख प्रसूतिकक्षात असतो: पार्टोग्राफ. एमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये गर्भाशयाचं मुख तासागणिक किती उघडतं याचा आलेख मांडला. तो अभ्यास होता. त्याचं कामाच्या हत्यारात रूपांतर केलं फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी, १९७२ मध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत). तिथे दवाखाने लांब लांब विखुरलेले, डॉक्टर मुख्य रुग्णालयात आणि खेड्यात फक्त सुईण-परिचारिका. बाईला पुढे पाठवायचं की थांबायचं हे तिनं ठरवायचं आणि तेही वेळेत. त्यांनी आलेखावर दोन तिरप्या रेषा आखल्या. पहिली सावधानतेची: तासाला एक सेंटिमीटर या वेगानं दहापर्यंत जाणारी, पुढे रूढ झालेल्या तक्त्यात मुख चार सेंटिमीटर उघडल्यापासून. दुसरी कृतीची: पहिलीला समांतर, चार तास उजवीकडे.

त्या चार तासांत सगळा विचार आहे. बाईची रेषा सावधानतेच्या रेषेच्या डावीकडे आहे तोवर प्रसूती वेळेत चालली आहे. रेषा ओलांडून उजवीकडे आली म्हणजे काही बिघडलंय असं नाही, पण गाडी मागवायची वेळ झाली. डोंगरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून गाडी यायला तास, न्यायला दोन तास, तिथे शस्त्रक्रियेची तयारी व्हायला आणखी वेळ. म्हणजे कृतीची रेषा येईपर्यंत बाई टेबलवर पोचलेली असायला हवी. रस्त्याचं अंतर आलेखावरच्या अंतरात बदलून ठेवलंय. इतका नेमका विचार करून काढलेले आलेख फार थोडे असतील.

त्याच कागदावर बाकीच्या नोंदी येतात: बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासानं, दहा मिनिटांत किती कळा आल्या तेही अर्ध्या तासानं, रक्तदाब आणि ताप चार तासांनी, गर्भजल स्वच्छ आहे की त्यात बाळानं शी केली आहे याची खूण. सगळ्यांना वेळेचा एकच आडवा अक्ष. त्यामुळे कळा विरळ झाल्या, मुख उघडणं थांबलं आणि ठोके उतरायला लागले, हे तीन वेगळ्या वहीत लिहिलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, ते इथे एकाखाली एक दिसतं.

हा आलेख बिघडतो तो एका ठरलेल्या प्रकारे. पाच खाटा, दोन परिचारिका, रात्रीची वेळ. प्रसूती उरकते आणि कागद नंतर आठवणीवर भरला जातो. असे कागद ओळखू येतात: रेषा सावधानतेच्या रेषेला हुबेहूब समांतर, ठोके प्रत्येक अर्ध्या तासाला १४०, शाई एकच. बाळ जन्मल्यानंतर काढलेला पार्टोग्राफ दफ्तरासाठी ठीक असेल, पण ज्या बाईसाठी तो होता तिला त्याचा उपयोग शून्य. यात परिचारिकेला दोष देणं सोपं आहे. माणसंच अपुरी असतील तर आलेख छापून देऊन काही होत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

आणि इथेही छापील रेषा अंतिम नसते. पुढच्या अभ्यासांतून असं दिसलं की कितीतरी बायकांचं मुख तासाला एक सेंटिमीटरपेक्षा हळू उघडतं आणि तरी बाळ-बाळंतीण सुखरूप असतात. सगळ्यांना एकाच तिरप्या रेषेवर मोजल्यामुळे विनाकारण शस्त्रक्रिया होण्याचा धोका होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये भूमिका बदलली आणि २०२० मध्ये नवा तक्ता आणला, तो पाच सेंटिमीटरपासून सुरू होतो.

आता रेल्वेकडे वळू. वेळापत्रकाचं पुस्तक आपल्याला माहीत असतं, पण गाड्या चालतात त्या आलेखावर. आडव्या अक्षावर चोवीस तास, उभ्या अक्षावर स्थानकं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सगळ्यात खाली धरलं तर कर्जत १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर, पुणे १९२ वर. स्थानकं किलोमीटरच्या प्रमाणात मांडायची, सारख्या अंतरावर नाही. तसं केलं तरच रेषेचा कल म्हणजे गाडीचा वेग राहतो. प्रत्येक गाडी ही एक तिरपी रेषा. रेषा जितकी ताठ तितकी गाडी वेगात. आडवा तुकडा म्हणजे गाडी स्थानकात उभी. कर्जतला रेषेला छोटी पायरी पडते, तिथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात, आणि मग बोरघाटात रेषा एकदम झोपते, कारण तिथे दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. लोणावळ्यानंतर ती पुन्हा ताठ होते. आख्खा सह्याद्री त्या कागदावर दिसतो, फक्त वेगाच्या भाषेत.

(क्रिकेटच्या प्रक्षेपणात दाखवतात तो 'वर्म' याच जातीचा: उभ्या अक्षावर एकूण धावा, आडव्यावर षटकं, कल म्हणजे धावगती. तो इतक्या लोकांना शिकवल्याशिवाय वाचता येतो, यावरून कल वाचणं अवघड नसतं हे कळतं.)

दुहेरी मार्गावर दोन रेषांची फुली कुठेही पडली तरी चालते. एकेरी मार्गावर मात्र ती स्थानकाच्या आडव्या रेषेवरच पडली पाहिजे, कारण समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्थानकातच, लूप लाइनवर म्हणजे बाजूच्या रुळावर, एकमेकींना वाट देऊ शकतात. दोन स्थानकांच्या मधे फुली पडलेला आलेख म्हणजे अशक्य वेळापत्रक. कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर सुमारे ७४० किलोमीटर, त्यातला बहुतेक मार्ग एकेरी. दोन गाड्या ताशी ६० किलोमीटरनं समोरासमोर येतायत आणि एक अर्धा तास उशिरानं सुटली, तर त्यांच्या भेटीची जागा उशिरा सुटलेल्या गाडीच्या दिशेनं १५ किलोमीटर सरकते. म्हणजे ठरलेलं स्थानक गेलं, नवी जागा कदाचित दोन स्थानकांच्या मधे. त्या टप्प्यावरच्या गाड्या सांभाळणारा सेक्शन कंट्रोलर तेव्हा एक रेषा उजवीकडे सरकवतो, फुली जवळच्या स्थानकावर आणतो, आणि त्यासाठी कुणाला तरी लूपमध्ये थांबवतो. थांबवलेल्या गाडीची पुढची फुली त्यामुळे हलते, तिच्यापुढची तिसरी गाडी हलते. एका गाडीचा अर्धा तास दुपारपर्यंत पाच गाड्यांत कसा वाटला जातो, हे वेळांच्या तक्त्यातून सांगायला पानं लागतील. आलेखावर ते बोटानं दाखवता येतं. हे काम पूर्वी पेन्सिल-पट्टीनं कागदावर व्हायचं, आता संगणकाच्या पडद्यावर होतं, पण रेषा त्याच.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक का वेगळं असतं, हेही इथेच समजतं. पावसात वेग उतरवतात, खूप पाऊस असेल आणि समोरचं दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत. प्रत्येक गाडीला तासभर जास्त द्या, झालं, असं वाटू शकतं. पण वेग उतरला की प्रत्येक रेषेचा कल बदलतो आणि सगळ्या फुल्या जागच्या हलतात. म्हणून आलेख पुसून नव्यानं आखावा लागतो. रविवारचा मेगाब्लॉकही या आलेखावर एक रिकामा चौकोन असतो: अमुक स्थानक ते तमुक स्थानक, अकरा ते चार, आत एकही रेषा नको. ती जागा आधीपासून मोकळी करून घ्यावी लागते.

आता उलट बाजू: ठिपके होते, पण टाकले गेले नाहीत. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं आणि फ्लोरिडात थंडी गोठणबिंदूला टेकली होती. इंधन-रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक होतात आणि तप्त वायू अडवू शकत नाहीत, ही भीती ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना होती. उड्डाण करू नका असं त्यांनी आधी सांगितलंही. पण तापमानाचा आणि नुकसानीचा संबंध आकड्यांतून दाखवा असं नासाच्या अधिकाऱ्यांनी म्हटल्यावर त्यांची बाजू लंगडी पडली. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तीच चर्चेत होती. त्यांतलं सगळ्यात थंड १२ अंश सेल्सिअसचं, पण २४ अंशांच्या एका उड्डाणातही इजा झालेली. थंडीतही होतं, उबेतही होतं, मग तापमानाचा संबंध काय, असं समोरच्यांनी म्हटलं. अखेर कंपनीच्या वरिष्ठांनी आपला सल्ला मागे घेतला.

ज्यांत काहीच बिघडलं नव्हतं ती उड्डाणं कुणी आलेखावर घेतली नव्हती. नंतरच्या चौकशी आयोगानं दोन्ही आलेख शेजारी छापले. इजा न झालेल्या उड्डाणांचे ठिपके टाकले की चित्र पालटतं: ते सगळे १८ अंशांच्या वरच आहेत. त्याखालची चार उड्डाणं, चारांतही इजा. त्यावरची वीसेक, त्यांत फक्त तीन. आणि दुसऱ्या दिवशीचा ठिपका पडणार होता शून्याच्या आसपास, सगळ्या अनुभवाच्या कितीतरी डावीकडे. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

अशी चूक रोज होते. पूल पडले त्यांचीच यादी, कर्ज बुडाले त्यांचीच फाईल, रोग पडला त्या शेतांचीच पाहणी. न पडलेले, न बुडालेले, न लागलेले त्याच अक्षांवर घेतल्याशिवाय कारण दिसत नाही. नुसती सरासरी काढूनही भागत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारांची सरासरी सारखी, सहसंबंध ०.८१६, बिंदूंतून बसवलेल्या सरळ रेषेचं समीकरणही तेच. कागदावर काढले तर एक विखुरलेला ढग, एक स्वच्छ कमान, एक सरळ रेषा जिला एकाच बिंदूनं ओढलंय, आणि एक उभा खांब, ज्याच्यातून बाहेर पडलेल्या एकट्या बिंदूवर सगळं गणित उभं आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला हे चार आलेख विद्यार्थ्यांकडून हातानं काढून घ्यावेत.

मोजपट्टीचा घोळ सगळ्यात जास्त दिसतो तो पैशाच्या आलेखांत. सेन्सेक्सचा १९७९ पासूनचा साधा आलेख बघितला की पहिली वीस-पंचवीस वर्षं तळाशी चिकटलेली, काही झालंच नाही अशी. जानेवारी २००८ ते मार्च २००९ मध्ये निर्देशांक सुमारे २०,९०० वरून ८,२०० च्या खाली आला, म्हणजे १२,७०० अंश. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये तो जवळजवळ ४२,००० वरून २६,००० वर आला, म्हणजे १६,००० अंश. साध्या मोजपट्टीवर दुसरी दरी पहिलीपेक्षा खोल दिसते. गुंतवणूकदाराच्या खिशातून मात्र पहिल्या वेळी ६१ टक्के गेले, दुसऱ्या वेळी ३८. जिथे टक्के महत्त्वाचे तिथे लॉग मोजपट्टी वापरायची: त्यावर १,००० ते १०,००० आणि १०,००० ते १,००,००० ही अंतरं सारखी, त्यामुळे सारखी टक्केवारी म्हणजे सारखी उंची. साथीच्या रोगात रुग्ण ठरावीक दिवसांनी दुप्पट होत असतील तर ते या पट्टीवर सरळ रेषेत येतात, आणि रेषा वाकायला लागली की साथ मंदावतेय हे लवकर कळतं. मात्र सामान्य वाचकापुढे ही पट्टी ठेवताना शब्दांत सांगावं लागतं. नाहीतर दहा हजारांवरून लाखावर गेलेले रुग्ण 'थोडे वाढलेले' वाटतात. लॉग पट्टीवर शून्य दाखवता येत नाही, म्हणून तिच्यावर स्तंभ काढू नयेत.

स्तंभ हे उंचीवर वाचले जातात, तेव्हा त्यांची सुरुवात शून्यापासूनच हवी. ८८ आणि ९१ टक्के निकालाचे स्तंभ ८५ पासून उभे केले की एक शाळा दुसरीच्या दुप्पट दिसते. रेषेला हा नियम लागू नाही, ती कलावर वाचली जाते. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ताप दिसणारच नाही. वृत्तालेखाबद्दल एवढंच: दोनतीन भागांपुढे तो वापरू नये, डोळ्याला कोन नीट ताडता येत नाहीत.

शेवटी विहिरीच्या पाण्याचा आलेख घेऊ, कारण गावोगाव जलसंधारणाची कामं होतायत आणि हा आलेख कुणालाही काढता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मोजतात ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. म्हणून उभा अक्ष उलटा घ्यायचा, शून्य वर. तसं केलं तरच पाणी वाढलं की रेषा वर जाते. पावसाचे स्तंभ वरच्या कडेपासून खाली लोंबते ठेवायचे, म्हणजे ते रेषेवर चढत नाहीत.

एक्सेलमध्ये हे करताना लोक महिन्यांची नावं अक्षरांत लिहितात आणि 'लाइन' हा प्रकार निवडतात. एक्सेल मग चारही मोजण्या सारख्या अंतरावर मांडतं. पण जानेवारी ते मार्च दोन महिने आहेत आणि मे ते ऑक्टोबर पाच. परिणाम असा की पावसाळ्यातली चढण आहे त्यापेक्षा ताठ दिसते आणि उन्हाळ्यातली घसरण आहे त्यापेक्षा संथ. टँकर कधी लागणार याचा अंदाज ज्या कलावरून बांधायचा, तोच खोटा. उपाय साधा आहे: खऱ्या तारखा लिहा आणि 'स्कॅटर' निवडा. तारीख लिहिताना ०५/०६ हे संगणकानं ५ जून वाचलं की ६ मे, तेही तपासा. ठिपके ठळक ठेवा, कारण मे आणि ऑक्टोबरमधली सरळ रेषा कुणी मोजलेली नाही. पाणी जूनमध्ये आणखी खाली गेलेलं असतं आणि सप्टेंबरमध्ये कदाचित ऑक्टोबरपेक्षा वर होतं. शक्य असेल तर गावानं दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजावं, उपसा बंद केल्यावर काही तासांनी, शक्यतो पहाटे. मोटार चालू असताना घेतलेली पातळी त्या विहिरीच्या मोटारीबद्दल सांगते, जमिनीतल्या पाण्याबद्दल नाही.

ज्या दिवशी मोजलं नाही त्या दिवसाचं घर रिकामं ठेवा, शून्य लिहू नका. उलट्या अक्षावर शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरली. सूत्रातून रिकामा मजकूर येत असेल तर एक्सेल त्यालाही शून्य धरतं, तिथे NA() हे सूत्र वापरावं.

आणि पावसाची तारीख. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहिला जातो. ५ जुलैला दुपारी कोसळलेला पाऊस ६ जुलैच्या रकान्यात येतो. ओढ्याची पातळी तुम्ही तासातासानं घेतली असेल, तर दोन्ही एकत्र मांडल्यावर ओढ्याला पूर आधी आणि पाऊस नंतर, असा आलेख तयार होतो. तेव्हा पावसाचा स्तंभ काढताना त्याची डावी कड ५ तारखेच्या सकाळी साडेआठवर ठेवा आणि उजवी ६ तारखेच्या साडेआठवर.